गाडी किती बदलायची

९ नोव्हेंबर

चि. सुसाटराव,

आत्याचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, फक्त गाडीखाली शिरताना माझे गुडघे कुरकुरतात. तू वेळेवर जेवतोस असं धरून चालते.

तुझ्या बाबांची जुनी पिकअप शर्यतीसाठी किती बदलायची, हे तू माझ्यावर सोडलंस. ब्रेक नवे बसवले, स्प्रिंगा कडक केल्या, गाडी चार बोटं खाली घेतली. लांब सीट काढून एकट्याची खुर्ची बसवायचं आणि आत लोखंडी सांगाडा घालायचं मात्र टाळत राहिले. कारागीर मिळत नाही म्हणाले तुला. गॅरेज माझं, कारागीरही मीच, तरी तू विश्वास ठेवलास.

खरं सांगायचं जिवावर येत होतं. दादाचे, म्हणजे तुझ्या बाबांचे, हात थरथरतात म्हणून तो गाडी चालवत नाही, एवढंच तुला सांगितलं होतं. त्याला आता माणसंच ओळखू येत नाहीत. मला 'मिस्त्रीबाई' म्हणतो, तेही अदबीने. पण रोज दुपारी गॅरेजमध्ये येतो, मी पिकअप सुरू करते, तो आत बसतो आणि थोडा वेळ पूर्वीचा दादा होतो. मला छकुली म्हणतो, माझ्या कामात खोड्या काढतो. म्हणून ठरवलं, दिसतं ते सगळं तसंच ठेवायचं आणि तू पाठवलेलं दमदार इंजिन आत घालायचं. सापही मरेल आणि काठीही तुटणार नाही.

सोमवारी ते इंजिन सुरू केलं. दादा दारातच थबकला.

"कोणाची हो गाडी?"

मी सीट दाखवली, दाराचा पोचा दाखवला.

"छान आहे. पण मालक येईपर्यंत हात नको लावायला," म्हणाला आणि बाहेर बाकावर जाऊन बसला. पुढचे दोन-तीन दिवस तेच. तो गाडी कानांनी ओळखत होता. जन्मभर इंजिनांचे आवाज ऐकून पोट भरणाऱ्या मला हे कळू नये? मी रडले रे, गाडीखाली पडून, कोणाला दिसू नये म्हणून.

मग तुझं इंजिन उतरवलं, जुनं परत चढवलं. काल सुरू केल्यावर दादा आला, पण चालवायच्या जागी न बसता शेजारी बसला.

"चल छकुले, त्याची शाळा सुटली असेल."

मी तुझ्या जुन्या शाळेपाशी नेलं. सगळी मुलं गेली, शिपायाने फाटक लावलं.

"निघायचं का?" मी विचारलं.

"थांब जरा. काल मी त्याला फार बोललो. गाडी ओझं वाहायला असते, शर्यतीला नाही म्हणालो. म्हणून रेंगाळत असेल."

ज्या भांडणावरून तू घर सोडलंस, ते त्याला कालचं वाटतं.

तुझं इंजिन ताडपत्रीखाली नीट ठेवलंय. दादाला या गाडीची गरज उरणार नाही तेव्हा मीच ते बसवेन, तू म्हणशील तेवढं कापेन, जोडेन. तोवर नाही. आजही त्याने चपला घातल्यात, मला निघायला हवं.

फाटकाशी त्याच्या शेजारी बसून तुझी वाट बघणारी,
आत्या