सळ्यांची खाट

सांतियागो देल एस्तेरो,
१४ जानेवारी

प्रिय ओफेलियाताई,

तुझी खाट पोचली. तुझ्या गुडघ्याचं कसं काय? इथे जानेवारीच्या ऐन उन्हाळ्यात उकाड्याने जीव नकोसा झालाय. दुपारी एक ते पाच अख्खं गाव झडपा लावून झोपतं, आणि ऊन तापलं की माझे पाय संप पुकारतात. या मल्टिपल स्क्लेरोसिसला उकाडा म्हणजे वैरी. डोळा मात्र सुधारलाय.

खाट छान आहे. दोन्ही बाजूंना सळ्या, एकट्या आजारी माणसाला अगदी बेताची. ती मी परत पाठवतेय.

चिडू नकोस. मागितली मीच, नोव्हेंबरात. पायांत गोळे येतात, आन्सेल्मोची झोपमोड होते, असं फोनवर रडून सांगितलं. खोटं होतं ते. खरं लिहिते, भावजींना वाचून दाखवू नकोस. दोन वर्षं मला कमरेखाली त्याचा हात कळतच नव्हता. मी दगडासारखी पडून राहायचे. मग त्याने हात लावणंच सोडलं. मला वाटलं, किळस आली. रोज त्याची पाठ बघणं सोसेना, म्हणून खाट.

डिसेंबरात तपासणी झाली. डोळे विचारले, पाय विचारले, लघवीसुद्धा विचारली. उठता उठता मीच म्हटलं, "डॉक्टरीणबाई, आणि नवरा-बायकोचं काय?" आन्सेल्मोने टोपीत तोंड खुपसलं. ती म्हणाली, "तेही याच आजाराचं. पुष्कळांना होतं, बोलत कुणी नाही." बाहेर आल्यावर हा गधडा म्हणतो, "मला वाटायचं, तुला दुखतं!"

दोन वर्षं, ताई! नुसता जीव जळतो.

आता दुपारचा नाद सोडला. सकाळी सहाला, हवा गार असताना तो विचारतो, "इथे?" "नाही." "इथे?" "तिथे सामसूम. वर ये." परवा मानेखाली एक जागा सापडली आणि मी इतकी खिदळले की भिंतीपलीकडून एउफेमियाकाकू ओरडल्या, "पडलीस काय गं?"

"नाही! येऊ नका!"

काही दिवस काहीच कळत नाही. तेव्हा रडते, पण त्याच्याच दंडावर.

तू म्हणशील, काठी टेकत चालणारीला हे थेर कशाला? हवेत मला. काठी पायांना लागते, बाकी मी धडधाकट बाई आहे.

खाट गुरुवारच्या ट्रकने निघेल. पुन्हा कधी रडून मागितली, तर पाठवू नकोस.

आन्सेल्मोच्या कुशीतली जागा न सोडणारी,
तुझी डेलमिरा