साडूभाऊंचे दोन इंच

परमपूज्य साडूभाऊ (एवढं वरचं संबोधन पाहून दचकू नका, कारण पुढे येतंच),

तुम्हाला आणि ताईंना नमस्कार. तुमची पाठदुखी आणि ताईंचा त्या पाठदुखीवरचा राग, दोन्ही आता उतरणीला लागले असतील. इकडे सगळे मजेत आहेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

सासऱ्यांच्या शिवणकामाच्या दुकानाला तुम्ही ते सॉफ्टवेअर करून दिलंत, त्याला बरीच वर्षं झाली. सासरे माप घेतात, मी (नोकरी गेल्यापासून गल्ल्यावर बसवलेला धाकटा जावई) ते कॉम्प्युटरात टाकतो आणि कटिंग मास्तरांसाठी चिठ्ठी निघते. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मी तुमची माहितीपुस्तिका वाचायला घेतली. (ती उघडणारा मी पहिलाच. पानं एकमेकांना चिकटलेली होती.) तीत लिहिलंय, टाकलेलं माप चिठ्ठीवर जसंच्या तसं येतं. कुठलं येतंय! कमरेत दोन इंच वाढून येतं.

शहाण्या माणसाने पुस्तिकेतली ओळ खोडली असती आणि चहा मागवला असता. पण छापील शब्दावर माझी भलती श्रद्धा. पुस्तिका खरी, सॉफ्टवेअर खोटं असं ठरवून मी ते दोन इंच काढून टाकले. कुणाला विचारलं नाही (विचारलं असतं तर कुणीतरी नको म्हणालं असतं). इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाची पँट सैल झाली नव्हती, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

नेमके त्याच आठवड्यात अग्निशमन दलाच्या बँडचे गणवेश शिवायला आले. या एका कामावर आपल्या दुकानाचं निम्मं पोट भरतं, हे तुम्ही जाणताच. समारंभात सगळे वादक ताठ उभे होते (वाकताच येत नव्हतं). ट्रंपेटवाल्याने पहिला श्वास भरून घेतला आणि त्याचं बटण उडून थेट ढोलावर आपटलं. ढोलवाल्याला वाटलं, झाली सुरुवात. त्याने जोरात हात उगारला, तर त्याची मागची शिवण गेली. मग कोणाचं काय कुठे गेलं ते विचारू नका. शिवणींत माया ठेवली होती म्हणून उसवून पँटी वाढवता आल्या, पण दलाच्या साहेबांनी बजावलंय: आता त्यांची स्वतःची पँट बिघडली, तर काम दुसऱ्या दुकानाला. मला रात्री झोप नाही, साडूभाऊ.

छडा लावला तेव्हा कळलं. सासरे माप घेताना टेप अशी आवळतात की गिऱ्हाइकाचे डोळे मोठे होतात! म्हणजे त्यांची अब्रू झाकायला तुम्ही ते दोन इंच घातलेत. धन्य आहे तुमची. आता ते परत घालायचे, तर पुस्तिकेत लिहायला हवं, नाहीतर उद्या माझ्यासारखा आणखी एक वाचक निपजेल. आणि लिहायचं तर कारण द्यायला हवं. मी तशी ओळ लिहून बायकोला दाखवली. ती म्हणाली, “बाबांच्या टेपवर एक अक्षर जरी लिहिलंस, तर आजपासून त्या कॉम्प्युटरच्याच हातचं जेव.”

लहानांना आशीर्वाद.

आपला,
कंबर कसलेला साडू

ता. क. : ती ओळ तुम्हीच लिहून पाठवा. थोरल्या जावयाला सासरे काही बोलत नाहीत. तोवर मी दोन इंच गुपचूप परत घातले आहेत.

आणखी ता. क. : पत्र टपालात टाकायचं राहूनच गेलं. आज सासरे आपणहून म्हणाले, “थोरल्या जावईबापूंचं ते यंत्र पहिल्यापासून दोन इंच वाढवायचं. जावयाला तोंडावर चूक कशी दाखवायची? म्हणून मीच टेप आवळायला लागलो. आता तुम्ही ते दुरुस्त केलंत, असं पोरीनं सांगितलं, तेव्हापासून मीही हात सैल सोडलाय.” साहेबांचं माप त्यांनी हात सैल सोडल्यावरच घेतलं होतं. चिठ्ठी मी काढली होती, दोन इंच परत घातल्यावर. पँट कालच त्यांच्याकडे गेली.

शेवटचा ता. क. : साहेब आत्ताच दुकानात शिरले. मी हात जोडले. त्यांना जोडता आले नाहीत. दोन्ही हातांनी त्यांनी पँट धरली आहे.