हौदातले त्रेसष्ट उपरे

तीर्थस्वरूप आत्या,

तुझ्या नव्या गुडघ्यासकट तुला माझा नमस्कार. (आशीर्वाद बसूनच दे. डॉक्टरांनी वाकायला मनाई केल्याचं ताईने फोनवर सांगितलंय.) जिना चढतेस का, झोप लागते का, लेकीकडच्या उशा अजूनही उंचच वाटतात का, ते सविस्तर कळव. आम्ही खुशाल आहोत. चष्म्याचं दुकान बरं चाललंय. तुझे हौदातले अकराही गोल्डफिश ठणठणीत आहेत. हे वाक्य मुद्दाम सुरुवातीलाच घातलंय, कारण पुढे वाचताना तू कागद टाकून फोन उचलशील अशी मला भीती आहे. उचलू नकोस. आधी शेवटपर्यंत वाच.

तू गेल्यावर पंधराएक दिवसांत हौदात दंगल उसळली. चार-पाच मासे मिळून त्या थोराड मासोळीच्या मागे लागले आणि तिला हौदभर पळवायला लागले. मी छत्रीच्या दांड्याने मध्यस्थी करायला गेलो (आणि कोपरापर्यंत भिजून आलो). बायको म्हणाली, "अहो, ती भांडणं नाहीत." म्हटलं, मग काय आहे? तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी निमूटपणे छत्री बाजूला ठेवली. तरीही मला उमगलं नाही, हे तू ओळखलं असशीलच. दुसऱ्यांना दूरचं आणि जवळचं दाखवून मी पोट भरतो. स्वतःच्या नाकासमोरचं मात्र मला कधीच दिसलं नाही.

दोनेक महिन्यांनी पाणवनस्पतींच्या आड बोटाच्या पेराएवढे मासे दिसू लागले. रंग म्हणशील तर चिखलाचा. पाठ मातकट, पोट मळकं, तोंडावर तेज म्हणून नाही. मी ठरवून टाकलं की त्या रोपांबरोबर कुठल्या तरी ओढ्यातले भुरटे मासे आत शिरलेत आणि आत्याच्या राजघराण्याचं अन्न फस्त करताहेत. चहाची गाळणी घेऊन दोन रविवार मी हौदाच्या काठावर उकिडवा बसलो आणि एकूण त्रेसष्ट उपरे पकडून बादलीत घातले. (गाळणी नवीन आणलीय. जुनीचा चहा घरात कुणी पीत नव्हतं.)

बादली घेऊन मोठ्या तळ्यावर गेलो, तर तिथल्या राखणदाराने आडवा हात केला. "इथे काही सोडायचं नाही. मागे असंच कुणीतरी दोन गोल्डफिश सोडले, आता बघा." पाण्यात वीतभर लांबीचे काळपट मासे गाळ उपसत होते. म्हणाला, ही त्यांचीच पतवंडं. रंग उडाला, अंग सुटलं, आता तळं खाताहेत. मला वाटलं, माणूस दिवसभर एकटा बसतो, काहीतरी बोलायला हवंच त्याला. परतताना कोपऱ्यावरचा बेकरीवाला भेटला. त्याच्या मागच्या अंगणात बदकं आहेत. बादलीत डोकावून तो म्हणाला, "द्या इकडे. बदकांची चंगळ होईल." मी बादली दिली आणि वर आभारही मानले. आत्या, आभार मानले!

दुसऱ्या दिवशी सकाळी एक निवृत्त प्राध्यापिका नंबर तपासायला आल्या. त्यांनी आयुष्यभर मासेच शिकवले होते, म्हणून मी माझा पराक्रम फुशारकीने सांगायला घेतला. त्या तपासणीची जड फ्रेम नाकावर तशीच ठेवून माझ्याकडे वळल्या. "अहो, गोल्डफिश मुळात त्याच रंगाचा!" मग त्यांनी मला शिकवणीच दिली. याचे पूर्वज म्हणजे चीनमधले साधे मातकट मासे. त्यांच्यात क्वचित एखादा पिवळा निपजायचा. नदीत असला पिवळा म्हणजे बगळ्याला लांबून दिलेलं आमंत्रण. तो जगायचाच नाही. पण हजारेक वर्षांपूर्वी माणसांना अशा पिवळ्यांची दया आली, कौतुक वाटलं, आणि त्यांनी ते तळ्यांत वेगळे सांभाळले. पिवळ्याची जोडी पिवळ्याशी लावली, पिढ्यान्‌पिढ्या निवड केली, तेव्हा कुठे हे सोनं झालं, आणि हौदात, मग घरात आलं. "आणि पिल्लं अजूनही आधी पूर्वजांचाच रंग घेऊन जन्मतात. सोनेरी व्हायला काही महिने लागतात. कुठे आहेत ती?"

आत्या, प्राध्यापिकाबाईंना तक्त्याच्या तिसऱ्या ओळीवर सोडून मी दुकानाबाहेर पडलो तो पळतच. डोळ्यांसमोर त्रेसष्ट पिल्लं, पाच बदकं आणि तू, अशी तुम्ही सगळी एका रांगेत उभी होता. तुझ्यासाठी काकांनी आपल्या हातांनी बांधलेल्या हौदातली ही पहिली पिल्लावळ, आणि ती मी गाळणीने गाळून बदकांना वाढली! बेकरीच्या मागे पोचलो. मी नुसता बदकांकडे बोट दाखवत राहिलो. बेकरीवाल्याची म्हातारी आई पिठाची परात घासत होती. तिने मला पाणी दिलं आणि कोपऱ्यातल्या टबावरची जाळी बाजूला केली. "मुलगा म्हणाला बदकांना घाल. मी म्हटलं, एवढ्याशा जिवांना कसं घालू?" त्रेसष्टच्या त्रेसष्ट! मी तिथेच पिठाच्या पोत्यावर बसलो आणि (हे ताईला वाचून दाखवू नकोस) चक्क रडलो.

त्याच दिवशी सगळी मंडळी हौदात परत गेली. गेल्या महिन्यात एकाच्या पोटाखाली पिवळी झाक आली, मग जणू साथच पसरली. आता चोपन्न जण लखलखताहेत. नऊ अजून मातकट आहेत. प्राध्यापिकाबाई म्हणतात, काही जन्मभर तसेच राहतात. (त्यांचा चष्मा मी घरपोच दिला.) मला तर ते नऊच जास्त आवडायला लागलेत.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला जप.

तुझा भाचा

ता. क. खरं तर हे पत्र एका वेगळ्याच गोष्टीसाठी लिहायला घेतलं होतं. तू आता लेकीकडेच राहणार आणि इथलं घर काढून टाकणार असं कानावर आलंय. खरं नसेल तर ताबडतोब कळव. खरं असेल तर ये आणि समोर सांग, म्हणजे मला नाही म्हणता येईल.

ता. क. २. आत्याबाई, नमस्कार. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. बेकरीवाल्याच्या आईने मला बादली दिली त्या संध्याकाळीच फोन केला होता, "तुमच्या सोन्याच्या माशांची पिल्लं माझ्या टबात आहेत, सवडीने न्या" म्हणून. हे दुकानातून धावत सुटले तेव्हा मी दुकानावरच्या गच्चीतच उभी होते. हाक मारणार होते. पण डॉक्टर दहा वर्षं पळायला सांगताहेत आणि हे पहिल्यांदाच पळत होते, म्हणून गप्प बसले. तुम्ही लवकर या. हे रोज सकाळी तुमच्या हौदावर बसून माशांना आख्खं वर्तमानपत्र वाचून दाखवतात, आणि दुकान अकराच्या आत काही उघडत नाही.