माझ्याबद्दल काय विचारलं?

६ जानेवारी, सोमवार

मला सुधारायला बाई ठेवलीय! रोनकशेठने सकाळी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. शेठ आपणहून चहा मागवतो तेव्हा काहीतरी गळ्यात पडणार हे नक्की. "ताई, तुमच्यासाठी कोच लावलाय. चेलना मॅडम. पर्सनल डेव्हलपमेंट. पार्टनरशिप सांभाळणाऱ्या माणसाला आता हे लागतंच म्हणे."

म्हटलं, "फक्त मलाच?"

हसला. "सुरुवात तुमच्यापासून."

सुरुवात! नरडाण्याच्या पार्टनर कंपनीचं सगळं पहिल्यापासून मी बघतेय. आम्ही जळगावला केळीची पावडर करायची, त्यांनी पॅक करून परदेशी पाठवायची – हे जमवलं कुणी? करार जूनमध्ये संपतोय, नवा करायचाय, आणि बरोबर आत्ताच माझा विकास आठवला?

९ जानेवारी

पहिली बैठक. चेलना मॅडम चाळिशीच्या, धुळ्यात वाढलेल्या, पुण्यात नोकरी करून परत आलेल्या. आवाज मऊ. जरा जास्तच मऊ. प्रश्न विचारतात आणि गप्प बसतात. समोरच्याने अवघडून बोलत सुटावं म्हणून. मी नाही सुटले.

"दिपमाला, उद्या तुम्ही रजेवर गेलात, तर नरडाण्याच्या लोकांच्या मनातलं कंपनीत कुणाला कळेल?"

"कुणालाच नाही," म्हटलं. तोऱ्यात म्हटलं.

त्यांनी मान हलवली. बस, एवढंच. घरी येईपर्यंत तेच डोक्यात. असला प्रश्न कोण विचारतं? ज्याला आपली जागा भरायचीय तोच!

१४ जानेवारी

संक्रांत. ऑफिसात तिळगूळ. रोनकशेठ माझ्याकडे बघून दोनदा हसला. एरवी वर्षभरात हसत नाही.

२१ जानेवारी

नरडाण्याला गेले. ललित – तिथला मॅनेजर, माझं सगळं काम त्याच्याशीच – फोनवर होता. मला बघितलं आणि "हा आबा, मग बोलतो" म्हणून ठेवून दिला. आबा म्हणजे प्रेमराज आबा, त्यांचे मालक. मालकाशी बोलताना माझ्यापासून लपवायचं काय?

मग मला विचारतो, "ताई, जळगावला सगळं ठीक ना?" थोड्या वेळाने परत तेच. का? काय ठीक नसणार होतं?

निघाले तर गेटबाहेर पांढरी गाडी. आत चेलना मॅडम! मान खाली, मोबाइलमध्ये. मला बघितलं नाही त्यांनी. की बघून न बघितल्यासारखं केलं?

२२ जानेवारी

जेवण गेलं नाही. हे सगळे मिळून काहीतरी शिजवताहेत.

३० जानेवारी

दुबईचे ग्राहक येऊन गेले. दर वेळी ललितला बोलावते. या वेळी नाही बोलावलं. त्यांनी विचारलंच, पॅकिंगवाले साहेब कुठायत? म्हटलं, तब्येत बरी नाही त्यांची. खोटं बोलले. पण ललितपुढे सगळे पत्ते उघडे करून कसं चालेल?

दुपारी मॅडमची बैठक. म्हणाल्या, "तुम्ही माणसांबद्दल झटकन अंदाज बांधता. तो बरोबर निघतो का, हे कधी त्या माणसालाच विचारून बघितलंत?"

चिडले. तुम्ही नरडाण्याला काय करत होतात – अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. "विचारते ना," म्हटलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

शिंदखेड्याला आईकडे. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भरीत. जेवता जेवता सगळं सांगितलं तिला. शेठ, मॅडम, ललित, ती गाडी. आई भाकरी थापत ऐकत होती.

"तू इचारं का?"

"कुणाला?"

"ललितले. त्या बाईले. तुना शेठले."

"असं सरळ विचारतात का, आई? आणि खरं सांगणारेत ते?"

तिने तव्यावरची भाकरी उलटली. "तू बठ्ठासवर शक करस, एक बी माणूस सोडस नही. मी, तुनी माय, जेवाले वाढस तरी तू पहिले ताटमा दखस."

आणि मी खरंच बघत होते! भाकरी उलटून – खालून करपलीय का म्हणून. हात तसाच राहिला. आई हसली. मला हसू आलं नाही.

१० फेब्रुवारी

नरडाणा. ललितला शेडमागे गाठलं. "ललितभाऊ, चेलना मॅडम तुमच्याकडे कशाला आल्या होत्या?"

"तुम्हीच पाठवलं ना त्यांना?"

"मी?"

"मग तुम्हाला माहीत नाही?" मग हळूच म्हणाला, "त्या विचारत होत्या, दिपमालाताई नसतील तर तुमचं काम अडेल का. आम्हाला वाटलं तुम्ही चालल्या. आबा रोज फोन करून विचारायचे, ताई काही बोलल्या का? तुम्ही एका शब्दानं बोलल्या नाहीत. वर दुबईचे लोक आले, ते बाहेरून कळलं. आम्ही समजलो, ताई गिऱ्हाईक घेऊन दुसरीकडे चालल्या."

मी ह्याच्यावर संशय घेतेय आणि हा माझ्यावर!

"मुद्दामच नाही बोलावलं मी तुम्हाला," म्हटलं. "तब्येत बरी नाही असं सांगितलं त्यांना."

"माहितीये. त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी करायला फोन केला होता."

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मॅडमना काय सांगितलंत मग?"

"अडेल, म्हटलं. आबा तर म्हणाले, करार कंपनीशी असेल, आमचा भरवसा ताईंवर."

तिथेच रडू फुटलं. ललितने पाण्याची बाटली पुढे केली आणि पाठ फिरवून उभा राहिला, मला अवघडायला नको म्हणून. इतक्या वर्षांत ह्याच्या मुलीचं नावसुद्धा मी कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं. रूपा. दहावीला आहे.

१२ फेब्रुवारी

शेठला विचारलं! "माझ्या जागी कुणाला आणताय का?"

"छे छे! असं काही नाही, ताई."

मी उठले नाही. मॅडमसारखी गप्प बसून राहिले. रोनकशेठने पेन उघडलं, मिटलं. एसी कमी केला. शेवटी म्हणाला, "सगळं एकाच माणसाच्या डोक्यात असणं कंपनीला धोक्याचं आहे. मार्च एंड होऊ द्या. मग बघू."

म्हणजे ठरलंय.

राग आला. पण खोटं कशाला लिहू – त्याचं अगदीच चूक नाही. मीच कुणाला काही कळू दिलं नाही. कळलं तर माझी गरज संपेल असं वाटायचं. पण तोंडावर सांगायला काय झालं होतं ह्याला? आणि तरी आज खूप दिवसांनी झोप येतेय.

१७ फेब्रुवारी

प्रेमराज आबांचा फोन. "ताई, आमच्याकडे कामाला या. फक्त आधी ललितशी बोला. त्याला चालायला पाहिजे."

लगेच ललितला फोन लावला. म्हणाला, "कधी येताय?"

५ मार्च

मॅडमची शेवटची बैठक. सगळ्यांना विचारून झालं, त्यांनाच तेवढं विचारलं नाही. आता आवडायला लागल्यात. विचारलं तर काय ऐकावं लागेल, ह्याची भीती वाटली.

३१ मार्च

राजीनामा दिला. शेठने थांबवलं नाही. चहाही मागवला नाही!

२१ एप्रिल

नव्या कराराची पहिली बैठक, नरडाण्याला. आता मी ह्या बाजूला, ललितच्या शेजारी. जळगावची गाडी आली. आधी रोनकशेठ उतरला, मागून चेलना मॅडम. माझं जुनं काम आता त्यांच्याकडे.

दारातच गाठलं त्यांना. "पहिल्या दिवसापासून हेच ठरलं होतं का?"

मला वाटलं, गप्प बसतील. नाही बसल्या. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "हो."