आंब्याच्या फळ्या

आईच्या पायांशी कपाळ टेकून आ-झुनचा नमस्कार.

मी मजेत आहे. दोन्ही वेळ भात मिळतो. बदकांच्या नावेवरचं काम सोडलं, बदकं फार चावतात. आता कँटनला इंग्रजांच्या वखारीत चहाची खोकी वाहतो.

इथला साहेब मोठा सोवळा. काल चहात काडी निघाली म्हणून अख्खं खोकं परत पाठवलं, वर म्हणाला, चिनी लोक घाणेरडे. आणि ह्याचंच जहाज नदीच्या तोंडाशी अफू विकतं. बादशहाची बंदी आहे, पण जहाजावर तोफा आहेत.

बाबांना साठावं लागलं, रीतीप्रमाणे त्यांची शवपेटी आता घरात तयार हवी, लाकूड बघ, असं तू कळवलंस. मुकादम लाऊ म्हणाला, "अफूची रिकामी खोकी पडलीत. अस्सल आंबा. ने की फुकट."

"वास येतो त्यांना."

"पेटीत निजलेल्याला कसला आलाय वास, पोरा?"

फळी नाकाशी धरली आणि टाकून दिली. आपल्या मागच्या खोलीचाच वास, आई. बाबा हल्ली जेवतात का? ओढायची नळी अजून उशाशीच असते का? गावचे मास्तर हे पत्र तुला वाचून दाखवतील तेव्हा बाबांना बाहेर अंगणात बसव.

लाकूड मी देवदाराचंच आणीन. वेळ लागेल. तेवढा वेळ त्यांना जगव.

तुझा भटक्या,
आ-झुन