सहा आठवडे उचलायचं नाही

३ मार्च
हर्निया! दीड वर्षाने त्या गोळ्याला नाव मिळालं. बेंबीशेजारचं लिंबाएवढं टेंगूळ — सैल कुडत्याखाली लपवत होते, मनात नको नको ते आजार मोजत. डॉक्टरीणबाईंनी आडवं केलं, बोटाने दाबलं — आत! खोकायला लावलं — बाहेर! मला हसूच फुटलं.

"पोटाच्या भिंतीला फट पडलीय," त्या म्हणाल्या. "सध्या चरबी डोकावतेय. उद्या आतडं येईल, आणि अडकलं तर जिवावर बेतेल."

"औषधाने नाही का बुजणार?"

"नाही हो. आतून जाळी लावायची." मग विचारलं, "रोज जड काय उचलता?"

"सासूबाईंना."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

४ मार्च
दोन वर्षांपूर्वी सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण त्या उठल्याच नाहीत. सकाळ-संध्याकाळ मी त्यांना पलंगावरून खुर्चीत नेते. त्यांचे हात माझ्या गळ्यात, माझे त्यांच्या कमरेला — "एक, दोन, हं!" आणि आता ऑपरेशननंतर सहा आठवडे काही उचलायचं नाही!

नवरा म्हणाला, "आईला तेवढे दिवस वृद्धांच्या सेवाकेंद्रात ठेवू." हळू बोलला, पण भिंती पातळ.

"करा पार्सल!" पलीकडून आवाज आला.

७ मार्च
सेवाकेंद्र नको असेल तर नवऱ्याने शिकायला हवं. आज तालीम. त्याने वाकून सरळ सासूबाईंच्या काखेत हात घातले.

"अरे, मी काय सिमेंटचं पोतं आहे?"

दोघंही पलंगावर कोसळले. हसता हसता मी पोट घट्ट धरून बसले. पण सोमवारी तो केंद्राचा अर्ज घेऊन आला तर मी काय बोलणार?

९ मार्च
आणलाच. टेबलावर पडलाय. सासूबाई त्याच्याकडे बघतही नाहीत.

१२ मार्च
उद्या! बॅग तीनदा भरली. भीती वाटायला हवी, पण मला तर सहलीला निघाल्यासारखं झालंय. किती दिवसांनी माझ्या शरीराकडे कुणीतरी नीट लक्ष देणार!

संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "बघू तरी." कुडता वर केला. त्यांनी अंगठ्याने हलकेच दाबलं.

"माझ्यामुळे ना?"

"छे हो आई, दोन बाळंतपणं झाली, वय झालं..."

मग पलंगावर टेकवल्यावरही त्यांनी माझ्या गळ्यातले हात सोडलेच नाहीत.

१४ मार्च
झालं!! दुर्बिणीतून केलं — तीन इवलीशी छिद्रं, तीन पट्ट्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या जाळीत हळूहळू आपलंच मांस रुजतं, मग ती आपलीच होऊन जाते. दिवसभर तेच मनात घोळतंय. खोकला आला की पोटाशी उशी धरायची. सपाट पोट! दर तासाला पांघरूण उचलून बघते.

नवऱ्याला फोन केला. केंद्रात सोमवारी जागा होतेय म्हणे.

१५ मार्च
घरी आले. पडून होते. दारात पाहिलं तर सासूबाई — उभ्या! दोन्ही हात चौकटीवर, घामाने डबडबलेल्या.

"आई! कधीपासून?"

"वर्ष झालं. तू कामावर गेलीस की भिंत धरून फिरते."

मी पोटाशी उशी धरून उठून बसले.

"दिवसातून दोनदाच कुणीतरी जवळ घ्यायचं गं," त्या म्हणाल्या. "चालले असते तर तेही गेलं असतं."