दगडूची पत्रावळ अंगणात

रत्नागिरी, मंगळवार, जानेवारी १९४६

खानावळवाल्याने दारातच जात विचारली आणि दगडूची पत्रावळ अंगणात मांडली. दगडू, माझा बालमित्र, आमच्या कुटुंबाबरोबर सांगलीहून समुद्र पाहायला आलेला! संतापाने हे लिहितो आहे. पण तेव्हा मी काय केलं? सुरमईची तुकडी खात बसलो. समतेवर सभा गाजवणारा मी! मुलं भुकेली आहेत, असं स्वतःला सांगितलं. तुकडी चवदार लागली, याचीच जास्त लाज वाटते.

"आवं, सभेत लय गरजता. आता घशात काटा अडकला व्हय?" बायकोने सर्वांदेखत विचारलं आणि भरली पत्रावळ उचलून ती अंगणात गेली.

"वैनी, आत बसा की. हितं वारं लय हाय," दगडू म्हणाला.

"मग पत्रावळ धरून जेवू."

मुलंही तिच्यामागे गेली. मी सर्वांत शेवटी उठलो.